जपानी घरातले आपले ताट

चिपळूण मागे टाकून मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात सावर्डे लागते. डेरवणची शिवसृष्टी पाहायला निघालेला प्रवासी येथून आत वळतो, कोणी महामार्गावर चहापुरता थांबतो आणि पुढे जातो. पण गावाला स्वतःची अशी ओळख आहे. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा जुना व्यवसाय या भागाने टिकवून धरला. गोविंदराव निकम यांच्या सह्याद्री शिक्षण संस्थेने येथे शाळा-महाविद्यालये उभी केली. त्याच संस्थेच्या कला महाविद्यालयामुळे चित्रकला आणि शिल्पकला शिकायला मुले सावर्ड्यात येऊ लागली. कोकणातल्या मुलाला रंग-रेषा शिकायच्या असतील तर मुंबईच गाठली पाहिजे, हा समज एका महामार्गाकाठच्या गावाने खोटा ठरवला, ही गोष्ट लहान नव्हे.

अशा गावातल्या व्यापारी घराला मुले बाहेर पाठवणे नवे नाही. पुणे, मुंबई, अहमदाबाद येथे मामा, आत्या, चुलते असतातच, आणि नसले तरी साधर्मिकाचे घर सापडते. पण अकरावीतली मुलगी जेव्हा एक अर्ज वडिलांपुढे ठेवते आणि म्हणते की एक शैक्षणिक वर्ष जपानमध्ये, तेही वसतिगृहात नव्हे तर जपानी कुटुंबात राहायचे आहे, तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत क्षणभर शांतता पसरते. वडील खर्चाचा विचार करतात, आई सुरक्षिततेचा. आजीचा प्रश्न मात्र सर्वांत नेमका असतो : ‘ती तिकडे खाईल काय?’

हा प्रश्न जुनाट म्हणून हसण्यावारी नेण्याची घाई करू नये. जपानी घरात राहणे सुखाचे होईल की दुःखाचे, हे पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

तत्पूर्वी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे जपानशी असलेले नाते शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते शिक्षणातूनच जुळलेले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 साली खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला आणि बालपण दापोलीजवळच्या मुरुडला गेले. त्यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. जिन्झो नारुसे यांनी तोक्योत 1901 साली स्थापन केलेली ही संस्था. पुस्तिका प्रथम बाजूलाच पडली होती. पण 1915 साली मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारताना अण्णांनी ती पुन्हा वाचली आणि परिषदेत भारतातील स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 मध्ये ते विद्यापीठ पाच विद्यार्थिनींवर सुरू झाले. पुढे 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी या मुंबईच्या उद्योगपतीने त्यास 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. आपल्या उत्तरायुष्यात, 1929–30 च्या जगप्रवासात, अण्णांनी जपानलाही भेट दिली. म्हणजे जपानचा एक विचार टपालाने कोकणच्या माणसाकडे आला आणि व्यापाऱ्याच्या पैशाने तो रुजला. आज वाट उलटी आहे, आणि पुस्तिकेऐवजी माणूसच तिकडे निघालेला आहे.

ही वाट आता पूर्वीइतकी दुर्गमही राहिलेली नाही. जपानी भाषा शिकण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे केंद्र पुणे आहे, आणि जपानमधील ओकायामा शहराशी पुण्याचा जो स्नेह जुळला त्याची खूण सिंहगड रस्त्यावरील उद्यानात दिसते. शालेय मुलांची देवाणघेवाण करणाऱ्या जुन्या संस्थांपैकी ‘एएफएस’चे मूळ तर पहिल्या महायुद्धातल्या रुग्णवाहिकांच्या स्वयंसेवक चालकांत आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांना वाटले की जखमी उचलण्यापेक्षा मुले एकमेकांच्या घरी पाठवणे बरे. 2018 पासून जपान सरकारच्या साहाय्याने ‘एशिया काकेहाशी’ हा उपक्रम सुरू झाला आणि आशियातील विद्यार्थी जपानी माध्यमिक शाळांत व कुटुंबांत जाऊ लागले. ‘काकेहाशी’ म्हणजे पूल. अशा देवाणघेवाणीत यजमान कुटुंब बहुधा मोबदला घेत नाही, हे व्यापारी घराने विशेष ध्यानात घ्यावे. पैसे दिले की गिऱ्हाईक होता येते आणि तक्रारही करता येते. येथे तो मार्ग नाही. ज्यांनी घरातली एक खोली आणि वर्षभराचे अन्न विनामूल्य देऊ केले, त्यांच्यापुढे मुलगी पाहुणी म्हणून उभी नसते. त्या घराच्या अपेक्षेप्रमाणे ती त्यांची मुलगी असते. यजमानीणबाईंना ती ‘ओकासान’ म्हणजे आई म्हणते, यजमानांना ‘ओतोसान’ म्हणते. भांडी घासणे, आपली खोली झाडणे, कचरा जाळण्याजोगा आणि न जाळण्याजोगा असा वेगळा करणे, ही कामे तिच्या वाट्याला येतात. ‘अतिथी देवो भव’ या आपल्या गोड वचनाने येथे थोडी दिशाभूल होते. जपानी घराला देवाचे आगमन नको असते. त्यांना हाताशी येणारे लेकरू हवे असते.

घराच्या दारात मात्र कोकणचे मूल गोंधळणार नाही. जपानी घरात शिरताच एक खोलगट जागा असते, तिला ‘गेनकान’ म्हणतात. बाहेरच्या जगाच्या पातळीवर असलेली ही जागा, आणि तिथून एक पायरी वर खरे घर. पादत्राणे खालीच काढायची, आणि पुन्हा घालताना सोपे जावे म्हणून ती दाराकडे तोंड करून नीट लावून ठेवायची. पावसाळी कोकणातल्या पडवीत चिखलाचे पाय बाहेर ठेवून ओटीवर चढणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. उतरती कौलारू छपरे आणि छपराखालची सावली पाहूनही त्याला परके वाटणार नाही. जपानमध्येही जून-जुलैत पावसाळा असतो, फक्त तो कोकणच्या मानाने नेमस्त. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोक्योत सुमारे पंधराशे.

आणि निरोप! मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो, आणि लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटले तर आजी लगेच सुधारते. जपानी मूल शाळेत निघताना म्हणते, ‘इत्तेकिमास’. शब्दशः अर्थ, ‘जाऊन येतो’. आतून उत्तर येते, ‘इत्तेराश्शाइ’, जा आणि ये. संध्याकाळी परतल्यावर ‘तादाइमा’, आत्ताच आलो, आणि आतून ‘ओकाएरी’, आलास का परत. हे चार शब्द दररोज उच्चारले जातात. घरात कोणी नसले तरी कित्येक जण रिकाम्या घराला ‘तादाइमा’ म्हणतात. सावर्ड्याच्या मुलीला जपानी भाषेतले आणखी काही आले नाही तरी हे चार शब्द पहिल्या दिवसापासून यावेत.

स्नानाचे प्रकरण थोडे अवघड. ‘ओफुरो’ म्हणजे खोल हौदासारखे टब. त्यात सुमारे चाळीस अंश तापमानाचे पाणी असते आणि सारे कुटुंब एकामागून एक त्याच पाण्यात बसते. ऐकताच नाक मुरडले जाईल. पण अंग आधी बाहेर, लहान पिढ्यावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचे असते. हौदात शिरायचे ते केवळ ऊब घेण्यासाठी. पाणी मळत नाही, आणि म्हणूनच ते उपसून टाकले जात नाही. पुष्कळ घरांत तेच पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुण्यास वापरतात. पाण्याचा एक थेंबही निष्कारण सांडू नये अशी शिकवण ज्या घरात आहे, तेथील मुलाला हा हिशेब लवकर पटेल.

आता स्वयंपाकघर. आजीचा प्रश्न येथे उभा राहतो.

मांस दिसते, मासा दिसतो, अंडे दिसते. दिसणाऱ्या गोष्टीला नकार देता येतो. जपानी स्वयंपाकातली खरी अडचण न दिसणारी आहे. तिचे नाव ‘दाशी’. आपल्याकडे जशी फोडणी, तसे तेथे दाशी, म्हणजे जवळजवळ प्रत्येक रसदार पदार्थाचा पाया असलेले सार. ते बहुधा ‘कात्सुओबुशी’ या वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या पातळ किसापासून काढतात. किस गाळून टाकतात, राहते ते सोनेरी, निर्मळ पाणी. मिसोच्या सारात ते असते, नूडल्सच्या रशात असते, शिजवलेल्या भोपळ्यात असते, पालकावर ओतलेल्या पाण्यात असते. ताटात फक्त भाजी आणि टोफू दिसत असतानाही त्यात मासा उतरलेला असतो. यजमानीण फसवत नसते. तिच्या दृष्टीने ते पाणी आहे, मासा नव्हे. अर्जात ‘शाकाहारी’ असा शब्द लिहिला की पालकांना वाटते, झाले. पण त्या एका शब्दाचा अर्थ सावर्ड्यात एक आणि जपानमधल्या घरात दुसरा, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

यावर लगेच उत्तर सुचते की जपानमध्ये बौद्ध विहारांचे शुद्ध शाकाहारी भोजन आहेच. ‘शोजिन र्‍योरी’ हे त्याचे नाव, आणि ते खरोखर आदरणीय आहे. त्यात मांस-मासा तर नाहीच, शिवाय कांदा, लसूण यांसारखे उग्र वासाचे पदार्थही वर्ज्य. तेराव्या शतकात एइहेइजी विहार स्थापणारे दोगेन यांनी विहाराच्या आचाऱ्यासाठी 1237 साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि तांदूळ धुण्यासारख्या कामालाही साधनेचे स्थान दिले. झेन भिक्षू जेवण झाल्यावर आपल्या वाडग्यात गरम पाणी घेऊन तो धुतात आणि ते पाणी पितात. थाळी धुऊन पिण्याची रीत ज्या घरात आजही पाळली जाते, त्यांना हे वाचून आपल्याच कुणाची वार्ता ऐकल्यासारखे वाटेल.

तरीही शोजिन म्हणजे जैन आहार नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुळा, गाजर, कमळाचे कंद, गोबो नावाचे लांब मूळ आणि कोन्याकू हा सुरणाच्या जातीच्या कंदापासून केलेला पदार्थ यांवर ते भोजन उभे आहे. त्यातली दाशी माशाची नसते, पण ती ‘कोम्बु’ या समुद्री शैवालाची आणि वाळवलेल्या ‘शिइताके’ अळिंबीची असते. जैन घरांत अळिंबी वर्ज्य मानतात, आणि शेवाळ अनंतकायात धरले जाते. तेव्हा कंदमूळ सोडणाऱ्या घराने, कोम्बु चालेल की नाही याचा निर्णय मुलीवर सोडू नये. महाराजसाहेबांना विचारून तो निघण्यापूर्वी करावा आणि एकदा ठरल्यावर वर्षभर बदलू नये. परदेशात रोज नव्याने नियम ठरवणाऱ्या मुलाची अवस्था केविलवाणी होते, आणि यजमान तर त्याहून गोंधळतो.

मग उरते काय? पुष्कळ उरते. भात, जो त्या घरी दोन-तीन वेळा असतो. भाताची मऊ पेज, जी तेथे ‘ओकायू’ या नावाने आजाऱ्याला देतात, अगदी आपल्यासारखी. टोफू, कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, काकडी, वांगे, कोबी, पालक, लाल भोपळा, सिमला मिरचीची लहान जात, आणि भेंडी, जिला जपानी लोक ‘ओकुरा’ म्हणतात. लाल चवळीसारख्या ‘आझुकी’च्या पुरणाचे गोड पदार्थ बहुधा अंड्याविना असतात. पाव, बिस्किटे यांत मात्र चरबी आणि अंडे सर्रास. वेष्टनावरचे चार-पाच शब्द जपानी लिपीत ओळखता येणे हे येथे भाषेच्या परीक्षेहून अधिक उपयोगी.

सूर्यास्ताचा प्रश्न कित्येकांच्या मनात येतच नाही. सावर्ड्यात भर डिसेंबरातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तोक्योत तो त्या दिवसांत साडेचारलाच जातो. शाळा सुटून क्रीडामंडळ किंवा वाद्यवृंदाचा सराव संपेपर्यंत सहा वाजतात, आणि ते मंडळ हेच जपानी विद्यार्थीजीवनाचे हृदय. चौविहार पाळणाऱ्या मुलीपुढे हिवाळाभर रोज हा पेच असतो. दुपारचा डबा, जपानी भाषेत ‘ओबेंतो’, दोन भागांत न्यावा, दुसरा भाग चारच्या आत संपवावा, आणि रात्री कुटुंबाबरोबर मेजावर नुसते बसावे, असा मार्ग काढता येतो. पण रात्री न जेवता मेजावर बसणे हे यजमानिणीला किती जड जात असेल, याचाही विचार करावा. जेवू न घालता मुलीला झोपू देणे कोणत्याही देशातल्या आईला सोपे नसते.

येथे या सर्व प्रकरणाची नाजूक गाठ आहे. जपानी सभ्यतेत ‘एन्र्‍यो’ नावाची गोष्ट आहे. पुढे केलेली वस्तू पहिल्या खेपेस संकोचाने नाकारायची. यजमान पुन्हा आग्रह करतो, मग घ्यायची. मराठी आणि गुजराती घरांतला आग्रह याहून वेगळा थोडाच आहे? पण म्हणूनच धोका. सावर्ड्याची मुलगी हळू आवाजात, मान खाली घालून ‘नको’ म्हणते. तिचे ‘नको’ व्रताचे असते. ऐकणाऱ्याला ते संकोचाचे वाटते, आणि वाटी पुन्हा पुढे येते. दुसऱ्या बाजूने, जपानी माणूसही तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरा…’ एवढेच म्हणून वाक्य अर्धे सोडतो, आणि ते पूर्ण नकाराचे असते. मुलीने विचारावे, ‘मी स्वयंपाकघरात माझी खिचडी वेगळी करू का?’ आणि उत्तरादाखल ‘चोत्तो…’ ऐकून तिने होकार समजावा, असे सहज घडू शकते. दोघीही सुशील, दोघीही एकमेकींना दुखवू न पाहणाऱ्या, आणि दोघींनाही दुसरीचा नकार ऐकू येत नाही. वर्षाचा विरस होतो तो क्वचितच कुणाच्या दुष्टपणाने. तो होतो या दोन मृदू ‘नको’ंच्या गैरसमजाने.

उपाय एकच, आणि तो सावर्ड्यातच करायचा. यजमान कुटुंब ठरल्याचे पत्र आले की जपानी जाणणाऱ्या माणसाकडून एक स्वच्छ कागद लिहून घ्यावा. काय चालत नाही याची यादी थोडक्यात, दाशीचा उल्लेख नावानिशी, आणि काय चालते याची यादी लांबलचक. मनाईच्या लांब यादीने यजमानीण घाबरते, चालणाऱ्या पदार्थांच्या लांब यादीने तिला हुरूप येतो. त्याबरोबर एक वाक्य असावे की मुलगी आपले अन्न स्वतः शिजवू शकते आणि घरातल्यांसाठीही कधी शिजवील. हे वाक्य खरे असले पाहिजे. दहावी-बारावीच्या गुणांसाठी जिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही, तिला वरण-भात, थेपले आणि दोन भाज्या येतील असे निघण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत पाहावे. मुलगा निघणार असेल तर हे दुप्पट लागू. जैन व्यापारी घरांतले मुलगे या बाबतीत अजून फार लाडावलेले असतात.

वर्षातून काही दिवस मन फारच घराकडे ओढ घेते, आणि पर्युषण व दशलक्षण त्यांत पहिले. नेमके तेव्हा जपानी शाळांचे दुसरे सत्र सुरू होत असते. अशा वेळी कोबेचे नाव ठाऊक असावे. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील भारतीय व्यापारी पश्चिमेकडच्या या बंदराकडे वळले. मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबे पुढे येथेच स्थिरावली. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर शहर चढत गेले आहे, आणि त्यातल्या कितानो या चढावरच्या भागात, परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या बंगल्यांच्या शेजारी, 1985 साली संगमरवरी महावीरस्वामींचे जिनालय उभे राहिले. त्याच शहरात 1935 सालची मशीद आहे, गुरुद्वाराही आहे. तोक्योहून शिनकानसेन गाडीने सुमारे तीन तास. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत वाढलेल्या मुलीला कोबेची ठेवण पाहून गंमत वाटेल. तेथे एक दिवस जावे, यजमान कुटुंबालाही बरोबर न्यावे. सहा महिने जिच्या ताटाचे कोडे त्यांना पडले, त्याचा उगम त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावा.

सामानाचे दोन शब्द. जपानी घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. ही रीत तर आपलीच. पण कोकणच्या माणसाला पहिली आठवण येते हापूसच्या पेटीची, आणि ती घेऊन जाता येत नाही, कारण ताज्या फळांबाबत जपानी विमानतळावरील वनस्पती-तपासणी अतिशय कडक आहे. भाजलेले काजू चांगले बांधून न्यावेत. सावर्ड्याच्या कलाविद्यार्थ्याने काढलेले एखादे छोटे चित्र नेले तर अधिकच चांगले, ते वर्षानंतरही त्या घराच्या भिंतीवर राहील. भेट दिल्यावर ती समोर उघडली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये, पुष्कळ घरांत ती पाहुण्यासमोर उघडत नाहीत.

जपान सावर्ड्याच्या साडेतीन तास पुढे आहे. डिसेंबरात येथे सहाला दिवस मावळतो, दुकानातला गडी दिवे लावतो, आई घाईने शेवटचा घास आटोपून पाणी पिते आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेते. त्या वेळी तिकडे साडेनऊ वाजलेले असतात. ओफुरोचे पाणी अजून कोमट असते, घरातले सारे नाहून झालेले असतात, आणि स्नानाची शेवटची पाळी या वर्षी सावर्ड्याच्या मुलीची असते.